सहा ठिपके

पोलादपूर स्टँडवरून सकाळची सव्वाआठची महाड गाडी सुटली, तेव्हा अक्षदाच्या डोक्यात कोंबडीचा विचार होता. मागच्या सीटवरच्या एका म्हातारीनं पिशवीतून जिवंत कोंबडी आणली होती, आणि "ती काय सीटवर बसली हाय का गो?" असं म्हणून तिचं तिकीट काढायला साफ नकार दिला होता. अशा गडबडीत कंडक्टर बाईनं प्रेमात वगैरे पडू नये. पण नशीब कुठं वेळकाळ बघून येतं?

बाहेर श्रावणातली भुरभुर चालली होती. खिडक्यांच्या काचा नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडकलेल्या. चौथ्या सीटवर एक मुलगा लॅपटॉपची बॅग तान्ह्या पोरासारखी पोटाशी धरून बसला होता. नवा चेहरा. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, पण डोळे मात्र छान... अक्षदानं मशीन पुढं केलं.

"कुठलं?"

मुलगा तिच्या मनगटाकडे टक लावून बघत राहिलेला.

"अहो, तिकीट! हात काय बघताय, ज्योतिषी हाय का तुम्ही?"

"हं? नाही... म्हणजे, गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत."

"गाडी महाडपर्यंतच जाते."

"मग महाड." त्यानं तिकीट घेतलं, आणि धीर करून विचारलं, "मॅडम, एक विचारू? हे गोंदण... पाच ठिपके असतात ना? सहावा कसा?"

अक्षदा चपापली. गाडीत आजवर हे कुणी मोजलं नव्हतं. ती आठ वर्षांची असताना आवडी आजीनं जत्रेत तिला गोंदवणारणीपुढं बसवलं होतं. पाच ठिपके झाले आणि पोरीनं कळवळून हात ओढला. सहावा ठिपका घसरून मनगटाच्या हाडावर जाऊन पडला. वाडीत तेव्हापासून ती 'सहा ठिपक्यांची अक्षी'. पण गाडीतल्या परक्या मुलाला हे सगळं कशाला सांगायचं?

"बोनस मिळालाय," ती म्हणाली आणि पुढं गेली. पुढं गेली खरी, पण कोंबडीचं तिकीट काढायचं त्या नादात राहूनच गेलं.

त्याचं नाव हर्षद. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. मुंबईत सात वर्षं कंप्युटरवर काम करून आता गावी आला होता. घरी नेट धड मिळेना, म्हणून महाडला चवदार तळ्याजवळ त्यानं एक खोली घेतली होती आणि रोज सव्वाआठनं जायचा. काम काय करतो म्हणून विचारलं तर म्हणायचा, "पुसापुशी." अक्षदाला वाटायचं, चेष्टा करतोय.

"मॅडम, परतीचं तिकीट मिळेल का?"

"संध्याकाळी. सहाच्या गाडीचं."

"गाडीचंच?"

"मग काय, माझं पायजे?"

असं म्हणून गेली आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढं ड्रायव्हर महिपतकाका आरशातून मिशीत हसत होते. "अक्षदा, डबल बेल कोण देणार? माणसं चढून म्हातारी झाली गो!"

तिनं घाईनं दोरी दोनदा ओढली. टिंग-टिंग. गाडी हलली.

"एकदा मी ओढू?" हर्षदनं विचारलं.

"हात लावायचा नाय. ही दोरी कंडक्टरची. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी एक दिली, की महिपतकाका घाटात असले तरी थांबणार."

"कुणी ऐकतं का इतकं कुणाचं?"

"माझं ऐकतात," अक्षदा म्हणाली. आणि का कोण जाणे, हे म्हणताना तिची मान ताठ झाली.

आता खरं सांगायचं तर, खाकी शर्टावरचा बिल्ला बघायच्या निमित्तानं भलतीकडे बघणारे तिनं शेकड्यांनी पाहिले होते. हा मात्र मनगटाकडे बघायचा. किती हळुवार बघायचा! जणू ते ठिपके त्याच्या फार ओळखीचे होते. गणपती गेले, दसरा गेला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. रजेच्या दिवशी आरशासमोर केस विंचरताना ती आपल्याच मनगटाकडे बघून हसायला लागली, तेव्हा आजीनं ओळखलं.

"कोण हाय?"

"कोण नाय गो आजी."

"मग 'कोण नाय'ला एकदा जेवायला आण."

मार्गशीर्षात एका रजेच्या दुपारी तो तिला महाडजवळच्या सव गावी घेऊन गेला. थंडी पडली होती, त्यामुळं गरम पाण्याच्या कुंडावर वाफ धरली होती. दोघं पायरीवर बसले, पाय पाण्यात. हर्षदनं वाफेतून हात फिरवला. मग म्हणाला, "ही वाफ मी टीव्हीवर लावलीय."

"म्हणजे?"

"फ्रिजची जाहिरात. हिमध्रुव. सन दोन हजार ऐंशी... ती."

अक्षदाचे पाय पाण्यातच थिजले. ती जाहिरात कोण ओळखत नव्हतं? परग्रहावर तहानेनं कासावीस झालेला एक अंतराळवीर. वाफेतून एक चंदेरी यंत्रबाई चालत येते. बांधा अस्सा की बघतच राहावं, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता आरसा. त्या आरशात त्या पुरुषालाच त्याचा चेहरा दिसतो. तो तिला बोट लावतो, तिच्या पोटाचं दार उघडतं, आत निळा उजेड आणि थंडगार बाटल्या. मग मागून घोगरा आवाज — 'बोट लावा, उघडते.'

ती यंत्रबाई अक्षदा होती. दोन वर्षं तिनं हे आजीलाही सांगितलं नव्हतं.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," हर्षद म्हणाला. "अक्षदा, माझं काम तेच. चित्रातलं नको ते पुसायचं. सेकंदाला पंचवीस चित्रं. तुझा हात अकरा सेकंद दिसतो. दोनशे पंचाहत्तर वेळा मी ते सहा ठिपके पुसलेत. नऊ दिवस. शेवटी शेवटी तर हात चालेना माझा... वाटायचं, हे पुसणारा मी कोण? कोण असेल ही? आणि त्या दिवशी गाडीत तू मशीन पुढं केलंस —"

अक्षदाला रडावं की हसावं कळेना. ज्या गोष्टीची दोन वर्षं लाज वाटली, तिच्या पलीकडं कुणीतरी आपल्यावर जीव लावून बसलेला होता!

"मला वेगळंच सांगितलं होतं रे," ती म्हणाली. "पल्याडच्या वाडीच्या माळावर पाला जाळून राब भाजले होते, जमीन काळीठिक्कर. मुंबईची माणसं म्हणाली, हा परग्रह. त्यांची नटी उन्हात उभी राहीना. माझी उंची जुळली. म्हणाले, अंतराळवीर बाईचं काम हाय. दहावीला विज्ञानात सत्त्याण्णव होते मला... मला वाटलं, काळ्या जमिनीवर पहिलं पाऊल टाकणारी बाई मी. आजीला तसंच सांगून गेले होते, मागनं म्हटलं, ते चित्र निघालंच नाय." ती थांबली. "पोटाचं दार कुणी केलं?"

हर्षदनं पाय पाण्यातून वर घेतले. "...मीच. तेव्हा तू माहीत नव्हतीस ना."

"म्हणजे माहीत नसलेल्या बाईला दार बसवलं तर चालतं?"

तिनं हे हसत विचारलं. तोही हसला. दोघांनी हसण्यावारी नेलं, आणि इथंच चुकलं हो! पण त्या वाफेत, त्या ऊबेत, कुणाला सुचणार?

"एक सांग," तो तिच्या जवळ सरकला. "आरसा लावायच्या आधी तुझा चेहरा दिसायचा टोपड्याच्या काचेतून. अर्धवट. एका ठिकाणी तुझे ओठ हलतात. मी किती वेळा पाहिलंय ते... आम्हांला आवाज देत नाहीत, नुसतं चित्र येतं. कुठलं गाणं म्हणत होतीस?"

अक्षदाच्या ओठांवर आलं होतं. पण संध्याकाळ इतकी सुंदर होती, आणि त्याच्या डोळ्यांत इतकं काही होतं...

"सांगेन कधीतरी," ती म्हणाली.

"मी तुझे ठिपके परत आणणार आहे. बघशील तू."

"नको. गेलं ते जाऊ दे. काही करू नकोस, हर्षद."

"लाजतेस काय?" असं म्हणून त्यानं तिचं मनगट हातात घेतलं, आणि सहाही ठिपक्यांवरून हलकेच अंगठा फिरवला. ती लाजत नव्हती, ती नको म्हणत होती. पण तिनंही हात सोडवून घेतला नाही. प्रेमात माणूस स्वतःचंच बोलणं दुसऱ्यांदा म्हणत नाही, हे काही खोटं नाही.

फेब्रुवारी सरला, उन्हाळा तोंडावर आला. फ्रिजच्या जाहिरातींचा, जुन्या जाहिराती नव्यानं सजवून लावायचा हंगाम. हर्षद त्या दिवसांत हवेत होता. "सरप्राइज आहे," एवढंच म्हणायचा. एका सकाळी महाड स्टँडच्या कँटीनमध्ये अक्षदा आणि महिपतकाका चहा घेत होते. वर टीव्ही चालू होता. क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये ती आली. वाफ, काळी जमीन, चंदेरी यंत्रबाई. आणि तिच्या मनगटावर निळे निळे चमकणारे सहा ठिपके. पाच एकत्र, सहावा हाडावर घसरलेला.

अंतराळवीरानं हात पुढं केला. एकेक ठिपका बोटानं दाबला. टिंग, टिंग, टिंग... सहावा दाबला, आणि पोट उघडलं.

'सहा वेळा बोट लावा. उघडते.'

महिपतकाकांचा कप हातातच राहिला. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, मग अक्षदाच्या मनगटाकडे, आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघितलं. बापासारखा माणूस, त्याला दुसरीकडे बघावं लागलं! अक्षदाला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्या मार्गावर रोज शेकडो माणसं तिच्या हातून तिकीट घेत होती. तिला ओळखायला कुणाला चार दिवस लागले नाहीत. आधी कुजबुज. मग पोरं मोबाइलवर ती जाहिरात लावून मोठा आवाज करायची. "मॅडम, थंडा आहे का?" "मॅडम, सहावा कुठला?" वाडीत बायका आजीला विचारायला आल्या. आजीनं टीव्हीवर पाहिलं, आणि दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अक्षदाचा हात मांडीवर घेऊन म्हणाली, "मेल्यावर सोनंनाणं हितंच ऱ्हातं. गोंदण तेवढं संगं येतं म्हणून काढलं गो बाय... दाबायला नव्हतं काढलं."

आणि मग वीस मार्च, चवदार तळ्याच्या गर्दीचा दिवस आला. जादा गाड्या, माणसांनी ठासून भरलेल्या. अक्षदा दाटीतून वाट काढत तिकीट देत होती. तेवढ्यात बाजूच्या सीटवरून एक हात आला आणि तिच्या मनगटावर बोट टेकलं. "एक... दोन..." कुणीतरी मोजत होतं. आजूबाजूचे हसले. सगळे नाही, पण हसले.

दोरी डोक्यावर होती, हातभर अंतरावर. तिला ती ओढता आली नाही. हातच उचलला नाही तिचा. जो हात घाटात गाडी थांबवत होता, तो लाकडासारखा उभा राहिला, आणि बोट तीनवर गेलं. तेव्हा पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उठली, तिनं त्या पोराच्या थोबाडीत अशी काही दिली की मोजणं तिथंच संपलं. महिपतकाकांनी आपणहून ब्रेक दाबला. पोराला उतरवलं. गाडी पुढं गेली. पण अक्षदा त्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागली, चैत्राच्या उन्हात, बटण गच्च लावून. आणि डेपोत अर्ज दिला — दुसऱ्या आगारात बदली मिळावी.

हर्षद ते पंधरा दिवस मुंबईला होता. फोन करत होता, ती उचलत नव्हती. बदलीचा कागद हातात पडला, त्या दिवसाच्या सव्वाआठच्या गाडीला तो चढला. दाढी वाढलेली. तिच्या बाहीच्या बटणाकडे त्याची नजर गेली आणि तिथंच राहिली.

"कुठलं?"

"अक्षदा... जाहिरातीतलं बटण मी नाही केलं. शपथ. मी फक्त ठिपके ठेवले होते. हळू, बारीक... कुणाला कळणारही नाही असे. फक्त तुला कळावे म्हणून. कंपनीतल्या सरांना आवडले. म्हणाले, हेच बटण करू. मी काय म्हणणार होतो?"

"नको म्हणायचं होतंस."

"नोकरी आहे गं —"

"मीबी तुला नको म्हटलं होतं. सवच्या कुंडावर. आठवतंय?"

त्यानं खिडकीकडे मान वळवली. बाहेर सावित्रीचं पात्र उन्हानं आटून दगडं वर आलेली. गाडीत सात-आठच माणसं होती. महिपतकाकांनी आरसा हातानं वर फिरवला. आज त्यांना बघायचं नव्हतं.

"मी तुझ्यावर प्रेम करतो," हर्षद म्हणाला. डोळे भरले होते त्याचे, आणि ते खोटे नव्हते. "नऊ दिवस मी तुझा हात —"

"हात. बरोबर." अक्षदा त्याच्या समोरच्या सीटवर बसली. पहिल्यांदाच ड्युटीवर असताना ती त्याच्यासमोर बसली. "त्या दिवशी विचारलंस ना, कुठलं गाणं म्हणत होते?"

त्यानं मान वर केली.

"तो चंदेरी पोशाख मला होत नव्हता. अंगावरच शिवला त्यांनी, पाठीमागून, ताणून. श्वास घेता येईना. वर काचेचं टोपडं. दुपारचं ऊन, खाली भाजलेली जमीन. ते म्हणत होते, असं चाल, तसं वळ, कंबर दाखव. मी म्हणत होते — थांबा. एवढंच. थांबा, जरा थांबा, थांबा. काचेतून आवाज बाहेर जात नव्हता. आणि ज्यांना ओठ दिसत होते, त्यांना उजेड जायच्या आत उरकायची घाई होती."

हर्षदनं बॅग पोटाशी घट्ट धरली.

"तुला घाई नव्हती. तुझ्याकडे नऊ दिवस होते. किती वेळा बघितलंस म्हणालास ते?"

त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकलं. आणि मग, त्या झाकलेल्या तोंडातूनच, अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मला वाटलं, गाणं आहे."

"सगळ्यांना तसंच वाटतं रे," अक्षदा म्हणाली. तिचा राग कधीच संपला होता. राग असता तर किती बरं झालं असतं! "तू वाईट नाहीस. मला आवडतोस तू. आत्ताही आवडतोस, खोटं कशाला बोलू? सव्वाआठ वाजले की अजून बघते दारात. पण तुझ्यापुढं मी एखादी गोष्ट नको म्हणाले, की मला पहिल्यांदा हेच वाटणार... याला नुसतं दिसतंय, की ऐकूही येतंय?"

"मी बदलेन."

"बदलशील. बदल. पण ते बघायला मी माझा हात परत पुढं करू शकत नाय. भीती वाटते मला. तुझी नाय... माझ्याच हाताची."

ती उठली. बाहीचं बटण सोडलं, बाही कोपरापर्यंत वर सारली. किती दिवसांनी त्या मनगटाला वारा लागला! सहा ठिपके, पाच एकत्र, एक हाडावर घसरलेला. हर्षद बघत होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो हात वर गेला, दोरीवर बसला, आणि तिनं ती एकदाच ओढली.

टिंग.

महिपतकाकांनी गाडी बाजूला घेतली. ना स्टॉप, ना फाटा. रस्त्याकडेला करवंदीच्या जाळ्या आणि वर चढलेलं ऊन. गाडी पूर्ण थांबली. कुणी 'का थांबली' म्हणून विचारलं नाही.

"बघितलंस?" अक्षदा म्हणाली. "एवढंच पाहिजे होतं."

हर्षद उठला. लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून पायरीपर्यंत गेला. तिथं थांबला, मागं वळला, काहीतरी म्हणाला. पण गाडीचं इंजिन धडधडत होतं. अक्षदाला त्याचे नुसते ओठ हलताना दिसले.

तिनं खूप वेळ त्या ओठांकडे बघितलं. काय म्हणाला असेल, ते तिला कळलं नाही. कळलं असतं, तर कदाचित... पण जाऊ दे. तो उतरला. रस्त्यावर उभा राहिला, उन्हात, तोंड तिच्याकडे करून.

अक्षदानं डोळे पुसले, पिशवी सावरली आणि दोरी दोनदा ओढली.